सांबरशिंगाची हौस आणि हाडाचा संच: ‘स्टॅग’ मुठीच्या पट्ट्यांचा रोखठोक आढावा

सुरीला ‘स्टॅग’, म्हणजे हरणाच्या शिंगासारखी दिसणारी मूठ बसवायची म्हटलं की ऑनलाइन एकच संच पुन्हा पुन्हा समोर येतो. विक्रेते वेगळे, नावं वेगळी, किंमतही दुपटीपर्यंत इकडेतिकडे. खोकं उघडलं की माल मात्र तोच. रंगवलेल्या, खाचा पाडलेल्या हाडाच्या पट्ट्यांची एक जोडी, १२० मिमी लांब, ४० मिमी रुंद आणि साधारण साडेसहा मिमी जाड. ४ मिमीच्या दोन पितळी पिना. दोरी ओवायला ६ मिमीची पितळी नळी. पट्टी आणि पोलाद यांच्यामध्ये घालायचं लाल फायबरचं ०.८ मिमी जाडीचं अस्तर. आणि पाच मिनिटांत धरणाऱ्या इपॉक्सी गोंदाच्या दोन चिमुकल्या ट्यूब. ठाण्यात, वाशी-नेरूळला हे दोन-तीन दिवसांत घरपोच येतं. थोडक्यात निकाल आधीच सांगून टाकतो: पट्ट्या घेण्यासारख्या, पिना चालतील, अस्तर बदला, गोंद कचऱ्यात टाका. पाचपैकी साडेतीन गुण, आणि त्यातले तीन एकट्या पट्ट्यांचे.

पण आधी खऱ्या शिंगाचा विषय मिटवू, कारण हा संच पाहणाऱ्या दहातल्या पाचांना मनातून तेच हवं असतं. हरणाचं शिंग म्हणजे हाडच. दरवर्षी गळतं, दरवर्षी नवं येतं. बाहेर घट्ट भिंत, आत सच्छिद्र गर. पायाच्या हाडापेक्षा त्यात खनिज कमी आणि कोलॅजन (हाडाला चिवटपणा देणारं प्रथिन) जास्त, त्यामुळे ते धक्का सोसतं, पटकन तडकत नाही. सांबराच्या शिंगात भिंत जाड आणि गर कमी, शिवाय वरचं पोत खडबडीत, हातातून न निसटणारं. म्हणूनच इंग्लंडमधल्या शेफिल्डचे आणि जर्मनीतल्या सोलिंगेनचे सुरीवाले वर्षानुवर्षं भारतातून सांबरशिंग नेत होते. ते दिवस संपले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली शिंग हा वन्यप्राण्याचाच भाग धरला जातो आणि त्याचा व्यापार गुन्हा आहे. ‘मारलेलं नाही हो, गळून पडलेलं आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. ठाण्याजवळच्या येऊरच्या वाटेवर चितळाचं गळलेलं शिंग दिसलं तरी ते तिथेच राहू द्यायचं. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे आणि राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलून नेता येत नाही. तसंही ते वाया जात नाही, साळिंदर कॅल्शियम आणि फॉस्फरससाठी ते कुरतडून संपवतं.

आजोबांच्या काठीला शिंगाची मूठ असेल आणि ती सैल झाली असेल, तर दुरुस्तीला टाकण्याआधी घरात वन विभागाचं मालकी प्रमाणपत्र आहे का ते शोधा. नसेल तर कुठलाही शहाणा कारागीर त्या काठीला हात लावणार नाही. आणि ‘ओरिजिनल सांबर’ म्हणून कोणी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवत असेल तर ती बातमी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला द्यावी, ऑर्डर नव्हे.

आता संचातल्या पट्ट्या. या म्हशीच्या नळीच्या हाडाच्या असतात. जाहिरातीत कधी ‘उंटाचं हाड’ असंही लिहितात, पण एकदा कापून रंगवल्यावर डोळ्यांनी फरक सांगणं कठीण. खाचा यंत्रावर पाडलेल्या, १ ते दीड मिमी खोल. शिंगाच्या पोताची ही नक्कल सुरीवाल्यांच्या धंद्यात जुनी आहे आणि ती लपवायचं कारण नाही. हाड आहे की प्लास्टिक ओतलेलं, हे मात्र तपासून घ्यायचं. पट्टीच्या मागच्या, न रंगवलेल्या बाजूला १० पटीचं भिंग लावा. हाडात बारीक काळपट ठिपके आणि लांबीच्या दिशेनं धावणाऱ्या रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा. प्लास्टिकमध्ये एकतर काहीच नसतं किंवा हवेचे गोल बुडबुडे असतात. तरी शंका राहिली तर तापलेली सुई आतल्या बाजूला टेकवा: हाड वितळत नाही, केस जळल्यासारखा वास येतो; प्लास्टिकमध्ये सुई आत शिरते.

खोकं आल्यावर लगेच गोंद घेऊन बसू नका. पहिली तपासणी सपाटपणाची. काचेचा तुकडा घ्या, पट्टी उलटी ठेवा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा. कडेनं उजेड फुटला तर पट्टी वाकलेली आहे. बहुतेक जोड्यांत एक पट्टी तरी वाकलेली निघते, कारण नळीचं हाड मुळात गोलाईचं असतं. मधोमध अर्धा मिमीपर्यंत फट असेल तर काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून पाणी लावून आठच्या आकड्यासारखी घासली की बसते. त्याहून जास्त असेल तर परत पाठवा. दाब देऊन सपाट करू म्हणाल तर पट्टी काही दिवस गप्प बसेल आणि पहिल्या पावसात टोकाशी उचकटेल.

दुसरी तपासणी चिरांची. हाडाचे तंतू लांबीच्या दिशेनं असतात, त्यामुळे चीरही लांबीतच जाते आणि बहुतेकदा टोकापासून सुरू होते. टोकावर फेल्टपेनची शाई लावून लगेच ओल्या कपड्यानं पुसा. चीर असेल तर शाई आत राहून रेघ उमटते. पातळ सुपरग्लू अशा चिरेत आपोआप ओढला जातो आणि बारीक चीर पक्की होते, पण चीर पिनच्या जागेपर्यंत पोचली असेल तर ती पट्टी वापरू नका.

तिसरी गोष्ट चरबीची. नीट न उकळलेल्या हाडात ती उरते आणि उन्हात पिवळट, तेलकट डाग वर येतात. असा डाग असलेल्या जागी इपॉक्सी धरत नाही. भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवून, धुऊन, सावलीत आठवडाभर वाळवलं की बरंच काम होतं. घरी पुन्हा उकळत बसू नका. उकळण्यानं कोलॅजन निघून जातं आणि हाड खडूसारखं ठिसूळ होतं.

पट्ट्या किमान दोन आठवडे खोलीत उघड्या ठेवायच्या, म्हणजे त्या इथल्या हवेला सरावतात. ठाण्यात-नवी मुंबईत जुलैची हवा आणि जानेवारीची हवा या दोन वेगळ्या दुनिया. जुलैत चिकटवलेलं हाड ओलावा पिऊन फुगलेलं असतं. हिवाळ्यात ते आकसतं आणि टँगची, म्हणजे पात्याच्या मुठीत जाणाऱ्या पोलादी शेपटीची, कड बोटाला लागायला लागते. म्हणून कापणं, घासणं, आकार देणं पावसाळ्यात करा. चिकटवण्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

लाल अस्तराबद्दल तक्रार इथेच. व्हल्कनाइज्ड फायबर म्हणजे शेवटी दाबलेला कागदाचा लगदा. फोटोत ती लाल रेघ फार देखणी दिसते, पण पाणी लागलं की फुगते आणि मुठीच्या कडेला अर्धा केस बाहेर येते. शोकेसमधल्या सुरीला चालेल, ओट्यावरच्या नाही. त्याऐवजी इलेक्ट्रिक पॅनेलच्या कामात वापरतात ती ग्लास-इपॉक्सी शीट घ्या, ०.५ किंवा ०.८ मिमी. मुंबईच्या लोहार चाळीत इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्यांकडे ‘एफआर-४’ म्हटलं की कळतं. रंग हिरवट-पिवळा असतो, लाल मिळत नाही, पण पाण्याला दाद देत नाही. तिची धूळ मात्र हाडाच्या धुळीपेक्षा वाईट, तेव्हा ती ओलीच कापायची.

भोकं पाडताना सर्वांत जास्त पट्ट्या वाया जातात. टँगमधलं भोक साडेचार मिमीचं ठेवा, पट्टीतलं ४ मिमीचं. टँगच्या भोकात पिनभोवती थोडी मोकळीक राहिली की तिथे गोंद भरतो आणि हाडाला हलायला जागा मिळते. संचातल्या पिना केसभर बारीकच येतात, त्यामुळे ४ च्या बिटनं पाडलेल्या भोकात त्या हातानं सरकतात, हे बरंच आहे. पिन ठोकून बसवायची वेळ आली तर समजा भोक चुकलं. ठोकलेली पिन हाडाला पाचरीसारखी फाडते. पट्टीच्या टोकापासून पिनचं केंद्र १२ मिमी तरी आत हवं. पट्टीखाली लाकडाचा सपाट तुकडा घट्ट धरून ड्रिल करा, नाहीतर बिट बाहेर पडताना टवका उडतो. बिट नवी धार असलेली, गती कमी, दर दोन मिमीला बिट वर काढून भुसा झटकायचा. जळका वास आला की थांबायचंच. त्या भोकाभोवती हाड आधीच करपलेलं असतं. आणि पिनांची डोकी हातोडीनं फुलवायचा मोह हाडावर करू नका. लाकडाला चालतं ते इथे चालत नाही.

चिकटवण्याआधीचं एक काम नवशिके हमखास विसरतात: पात्याच्या बाजूचं पट्टीचं टोक. ते गोंद लावण्याआधीच पूर्ण घासून, रंगवून, पॉलिश करून ठेवावं लागतं, कारण पट्टी बसली की तिथे पॉलिशचा कागद नेता येत नाही, नेला तर पात्यावर ओरखडे उठतात. दोन्ही पट्ट्या तात्पुरत्या पिना घालून एकत्र धरा आणि दोन्ही टोकं एकदमच घासा, म्हणजे डावी-उजवी एका रेषेत येतात. पात्याला मास्किंग टेपचे तीन-चार वेढे द्या. उघड्या धारेशी हातघाई नको.

गोंदाचं सांगायचं तर पाच मिनिटांचं इपॉक्सी मुठीसाठी नव्हेच. ते कडक आणि ठिसूळ सुकतं, पाण्यात लवकर सुटतं, आणि दोन पट्ट्या, अस्तर, पिना, नळी एवढं सगळं जुळवेपर्यंत हातातच घट्ट होतं. सावकाश धरणारं साधं अॅराल्डाइट कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. दोन्ही नळ्यांतून सारखी लांबी काढून दोन मिनिटं घोटा. फार थोडं कालवलं तर प्रमाण हमखास चुकतं आणि गोंद आठवडाभर चिकट राहतो, म्हणून गरजेपेक्षा जास्तच कालवा. टँग आणि पट्टीची आतली बाजू ८० नंबरनं खरवडा, पट्टीत आतून पाच-सहा उथळ खळगे पाडा, सगळं अॅसिटोननं पुसा आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावू नका. क्लॅम्प बेताचा. कडेनं गोंदाची सलग बारीक धार बाहेर आली की बस्स. आणखी आवळलं तर सगळा गोंद पिळून निघतो आणि जोड कोरडा राहतो. पात्याच्या बाजूला आलेला गोंद ओला असतानाच अॅसिटोनच्या बोळ्यानं पुसायचा. २४ तास हलवायचं नाही. दमट दिवशी सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो साबण-पाण्यानं धुतला की जातो. त्यावरच कागद मारला तर कागद भरून जातो.

आकार देताना संचाचा खरा दोष बाहेर येतो. रंग हाडात खोल गेलेला नाही. कड गोल करायला घेतली की पांढरं हाड उघडं पडतं आणि सुंदर तपकिरी पट्टीला पांढरी किनार दिसायला लागते. विक्रेत्याच्या फोटोत ही किनार कधीच नसते. उपाय जुना आणि स्वस्त आहे: पोटॅशियम परमँगनेट. केमिस्टकडे पुडी मिळते. अर्धा चमचा स्फटिक एक कप कोमट पाण्यात विरघळवा, हातमोजे घाला, ब्रशनं फक्त पांढऱ्या कडेवर लावा. सुरुवातीला जांभळा दिसतो, काही मिनिटांत तपकिरी होतो. पाच मिनिटांनी धुवा, वाळवा, रंग पाहा, हवा तर पुन्हा. दोन-तीन हातांत मूळ रंगाशी जुळतो. मग ६०० नंबरच्या घासून जुन्या झालेल्या कागदानं खाचांमधल्या उंचवट्यांवर हलका हात फिरवला की तिथला रंग उजळतो, खाचा गडद राहतात, आणि पट्टी पहिल्यांदा खऱ्या सांबरशिंगाच्या जवळ जाते. बोटांचे डाग लिंबानं निघतात. हे स्फटिक ग्लिसरीनच्या किंवा स्पिरिटच्या बाटलीजवळ ठेवू नका. ग्लिसरीनशी गाठ पडली तर काही सेकंदांनी आपोआप पेट घेतं.

घासण्याचा क्रम ८०, १२०, २२०, ४००, ६००. खाचांच्या भागाला ८० आणि १२० लावायचेच नाहीत, ते फक्त कडांसाठी. बेल्ट ग्राइंडर असेल तर पितळी पिना आधी तापतात, हे ध्यानात असू द्या. पिन हाताला चटका देईल इतकी तापली की आतलं इपॉक्सी मऊ पडतं आणि पिनभोवती हाडावर काळं कडं उमटतं. ते कडं घासून जात नाही. प्रत्येक फेरीनंतर मूठ पाण्यात बुडवायची, किंवा सरळ हातानं काम करायचं. धुळीसाठी एन-९५ मास्क आणि ओला कागद. फ्लॅटच्या बाल्कनीत कोरडं हाड घासलं तर केस जळल्याचा वास तीन मजले जातो आणि सोसायटीच्या ग्रुपवर आधी गॅस गळतीची, मग तुमच्या नावाची चर्चा सुरू होते.

शेवटचा हात तेलाचा. खोबरेल तेल नको, कालांतरानं खवट वास मारतं. जवसाचं तेल पांढऱ्या भागाला पिवळं करतं. केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन चार भाग, मधमाश्यांचं मेण एक भाग, गरम पाण्याच्या भांड्यात वितळवून थंड केलेलं मलम सर्वांत बरं. लावा, तासाभरानं पुसा.

याच किमतीच्या आसपास आणखी दोन पर्याय दिसतात. म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या उत्तर प्रदेशातल्या संभलहून येतात; शिंग-हाडाची कारागिरी हीच त्या जिल्ह्याची ओळख आहे. हे शिंग हाड नव्हे, केराटिन, म्हणजे नखाच्या जातीचं. तापवून दाबलं की वाकतं, काळंभोर चमकतं, धक्क्यानं फुटत नाही. दिसायला हाडापेक्षा उजवं, पण आपल्या हवेत हाडापेक्षा जास्त हलतं. पावसाळ्यात ४० मिमी रुंदीची पट्टी कडेनं उचलताना दिसते, आणि घासताना थर सुटतात. शिवाय केराटिन खाणारे किडे त्याला लागतात, म्हणून कपाटात वर्षभर पडून राहणाऱ्या सुरीला ते लावू नये. घ्यायचं तर अरुंद मुठीसाठी, तीन पिना घालून. स्टॅगचं पोत त्यात मिळत नाही, तेव्हा त्यासाठी आलेल्यांनी तिकडे बघूच नये.

दुसरा पर्याय ओतीव रेझिनच्या नकली स्टॅगचा. जवळून पाहिलं की दोन्ही पट्ट्यांवर अगदी तीच नक्षी, तोच डाग, साचा एकच. हौशी माणसाला ते खुपतं. पण रोज मासळी कापणाऱ्या कोयत्याला, खारं पाणी आणि बर्फ सोसणाऱ्या सुरीला हाच माल योग्य. हाडाची मूठ तिथे एक हंगाम काढेल की नाही शंका आहे. घरच्या सुरीलाही हाड लावलं असेल तर ती सिंकमध्ये भिजत ठेवायची नाही, डिशवॉशरमध्ये तर अजिबात नाही. गरम पाण्यात हाड आणि पितळ वेगवेगळ्या मापानं फुगतात आणि पिनपासून चीर निघते.

ज्यांना स्वतः करायचं नाही त्यांच्यासाठी: वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापेच्या पट्ट्यात छोटी जॉबवर्कची शेड्स आहेत, ती टँगला भोकं पाडून, पट्ट्या घासून देतात. तिथे दोन गोष्टी आधी ठरवा. एक, टँगचं पोलाद कडक केलेलं असेल तर साधी बिट चालत नाही, कार्बाइड लागते, आणि ते त्यांना न सांगता दिलं तर बिट तुटून भांडण होतं. दोन, हाड कोरडं आणि वेगात घासू नका हे तोंडी नव्हे, कागदावर लिहून सोबत द्या. धातूचं काम करणाऱ्या माणसाचा हात पोलादाला सरावलेला असतो; हाड त्याच्या लेखी मऊ, म्हणून तो दाब देतो आणि पट्टी करपते. पिना कमी पडल्या तर पितळी गज वजनावर मिळतो. मस्जिद स्टेशनला उतरून नागदेवीत चक्कर मारली तर ४ मिमीचा गज आणि बिट एका फेरीत होतात.

मागवताना विक्रेत्याला एवढंच विचारा: पट्ट्या सुट्या मिळतील का, मागच्या बाजूचा फोटो द्याल का, आणि दोन्ही पट्ट्यांची जाडी कॅलिपरवर किती. जाडीत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर ती जोडी नाही, दोन वेगळ्या हाडांचे उरलेले तुकडे आहेत. मागच्या बाजूचा फोटो द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.